सेइबाखालचा शुक्रवार

चिकूल,
२ ऑगस्ट १९८१

चि. एवारिस्तो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची बिस्किटं पोचली. बिस्किटांचा वाटेत भुगा झाला होता, तो कॉफीत घालून खाल्ला. मीठ नेहमीप्रमाणे जास्त. बाबांची भट्टी तुझ्या हाती आल्यापासून हेच सांगते आहे, आणि तू कान बंद करून पीठ मळतो आहेस.

माझी मोठी बातमी ऐक. शाळेतून निवृत्त झाल्यावर हिला आता खिडकीत बसून रस्ता मोजावा लागणार असं तू म्हणाला होतास ना? आमच्या साप्ताहिकातलं शब्दकोडं आता मी करते! इतके दिवस संपादक राजधानीतून आलेलं शिळं कोडं छापत होते. फ्रान्समधली नदी, इटलीतली नटी. चिकूलमध्ये कोणाला ठाऊक असणार ती नटी? मी म्हटलं, मला तो कोपरा द्या. आणि त्यात मी काय भरलं असेल, ओळख! तोमासा दाईनं आपल्याला चुलीशी बसवून सांगितलेलं सगळं. आडवा शब्द: पाठमोरी सुंदर, समोरून घोडतोंडी, पाणवठ्यावर केस विंचरत बसते. उभा शब्द: दारुड्याला सुखरूप घरी पोचवणारा पांढरा कुत्रा, ज्याचा काळा भाऊ दरीत नेऊन सोडतो. आणि पहिल्याच अंकात मधोमध आडवी आपली सेइबा: मुळं पाताळात, फांद्यांवर आभाळ, हिला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये.

गावाला वेड लागलंय. चूस न्हावी रविवारी दुकानात सूत्रं मोठ्यानं वाचतो आणि ज्यांना अक्षरओळख नाही तेच आधी उत्तर देतात. भाजीवाल्या बायका मला रस्त्यात अडवून भांडतात, की बाई, ती घोडतोंडी सिग्वानाबा नदीवर नाही, आमच्या वाडीत ती झऱ्यावर दिसते, दुरुस्त करा. पाद्रीबाबा म्हणाले, ओतिलिया, एवढ्या भुतांमध्ये एखादा संत तरी घाल. पुढच्या वेळी घालीन म्हटलंय.

दाई बरी आहे. कान मात्र पार गेले. अजूनही दर शुक्रवारी डोंगरावरून बाजाराला उतरते आणि आधी चौकातल्या सेइबाखाली मेणबत्ती लावते, मगच माझ्याकडे येते.

इथे चिपी-चिपीची झिमझिम लागली आहे, कपडे वाळत नाहीत. शाळेच्या जुन्या इमारतीत आता पलटण राहते. वरच्या वाडीतले काहीजण वेलदोड्याच्या तोडणीला गेले ते परतले नाहीत. याहून जास्त लिहीत नाही.

माझ्या भावजयीला, लिदियाला, आशीर्वाद. तुझा जीव ताईवर आहेच, तो पिठासारखा फुगू दे, पण करपवू नकोस.

तुझी
ओतिलियाताई

•

शेला,
१६ ऑगस्ट १९८१
(रीगोच्या हाती)

ती. ताईस,
एवारिस्तोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लिदियानं दुकानात उभ्यानं वाचलं आणि हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी मीठ कमी केलं आहे. गिऱ्हाइकं तक्रार करू लागली, तेव्हा पुन्हा वाढवलं. या शहरात तुझी जीभ एकटी आहे एवढं समज.

तू पाठवलेली कोडी आम्ही दोघांनी सोडवली. खरं तर मीच. लिदिया इथली, तिच्या आजीची भुतं वेगळी. ‘ज्याची कवटी झाडावर टांगली आणि वांझ झाडाला फळं धरली’ यावर मी बराच अडलो. मग दाईचा आवाज आठवला, ती गोष्ट सांगताना ती शेंगदाणे सोलायची. भट्टीसमोर उभं असूनही अंगावर काटा आला. लहानपणी मी त्या गोष्टीनंतर तुझ्या अंथरुणात घुसायचो हे लिदियाला सांगू नकोस, तिनं अजून ऐकलेलं नाही.

आता रागावू नकोस, पण एक बोलतो. तुझ्या पाकिटाची कड उघडून पुन्हा चिकटवलेली होती. डिंक दुसऱ्याच रंगाचा. इथे बाजारात लोक म्हणतात की तुमच्याकडच्या डोंगरांत पलटण गाव पाहत नाही, माणूस पाहत नाही, फक्त कोणाच्या हातात कागद आहे ते पाहते. ताई, नद्या काय वाईट आहेत? फ्रान्समधल्या नदीमुळे आजवर कोणाला कोणी नेलेलं नाही. एक महिनाभर त्या इटलीच्या नटीला परत बोलाव.

आणि यापुढे मनातलं लिहायचं असेल तर हे पत्र आणणाऱ्या रीगोच्याच हाती दे. आपल्या मामाचा रीगो, वेलदोड्याचा ट्रक घेऊन दर आठवड्याला तुमच्याकडे येतो तोच. गोणीत पत्र घालून आणेल. टपालानं फक्त पाऊसपाणी कळव.

लिदियाचा नमस्कार. भित्र्या भावावर माया ठेव, ती त्याला लागते.

तुझा
एवारिस्तो

•

चिकूल,
६ सप्टेंबर १९८१
(रीगोच्या हाती)

चि. एवारिस्तो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू भित्रा नाहीस. मी मूर्ख आहे. हे वाचलंस की चुलीत घाल.

बेर्नाबे तुला आठवत असेल. माझा विद्यार्थी, पुढे वरच्या वाडीत मास्तर झाला. लग्न करत नाही म्हणून त्याची आई माझ्याकडे येऊन रडायची. त्याला मंगळवारी बसमधून उतरवून नेलं. दिवसाढवळ्या, बाजाराच्या तोंडाशी. बसमध्ये माणसं होती, पण कोणी काही पाहिलं नाही. मी विचारलं तर सगळे म्हणाले, बाई, आम्हाला डुलकी लागली होती.

परवा त्याची आई आली. बसायला सांगितलं तर बसेना. दारातच उभी राहून म्हणाली, की त्याच्या खिशात माझ्या कोड्यांची कात्रणं होती. पोरांना वर्गात सोडवायला द्यायचा तो. सूत्रांच्या कडेला वाडीतल्या म्हाताऱ्यांची नावं लिहिलेली होती, कोणी काय सांगितलं त्याची. शिपायांनी ती नावं वाचली. तिनं मला विचारलं, की बाई, खरं सांगा, त्या चौकटींत तुम्ही काही लपवून लिहिता का? मी कुमारीमातेची शपथ घेतली. तिनं माझ्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, लपवलेलं असतं तर बरं झालं असतं. निदान कशासाठी ते कळलं असतं.

ती गेल्यावर मी सगळी जुनी कोडी काढून बसले. आणि, एवारिस्तो, शिपायाच्या डोळ्यांनी वाचत गेले तसं मला घाम फुटला. ‘शुक्रवारी हिच्याखाली बसू नये, जमिनीखालचे ऐकतात.’ ‘पांढरा वाट दाखवतो, काळा दरीत नेतो.’ ‘डोंगराचा धनी, याला विचारल्याशिवाय वर जाऊ नये.’ आपल्याला ती दाईची चूल वाटते. डोंगरात लपलेले बंडखोर शोधणाऱ्याला काय वाटेल?

समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पडवीत एक अनोळखी इसम दिवसभर वर्तमानपत्र वाचत असतो. पान उलटत नाही. मी बाजारात गेले की तोही कांदे घ्यायला येतो. घेत काही नाही.

मी संपादकांना म्हटलं, कोडं बंद करते. ते हात जोडून म्हणाले, आत्ता बंद केलंत तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, माझ्याही गळ्यात दोरी येईल. तेव्हा या रविवारी नद्या घातल्या आहेत. चूसच्या दुकानात कोणी वाचल्या नाहीत म्हणे.

प्रार्थना करा. माया कमी पडू देऊ नका, इतकंच मागणं.

ओतिलियाताई

•

शेला,
१२ सप्टेंबर १९८१
(रीगोच्या हाती)

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निघून ये. बाकी काही लिहायला नको खरं तर. कुलूप लाव, कोंबड्या शेजारणीला दे, आणि रीगोच्या ट्रकमध्ये गोण्यांवर बसून ये. माडीवरची खोली लिदियानं झाडून ठेवली आहे. तिनं पडदेसुद्धा लावले, पिवळे. तू पाहिलेस की नाक मुरडशील.

तू म्हणशील, दाईला टाकून कशी येऊ? मी येऊन तिला उचलून आणीन. तू म्हणशील, बेर्नाबेच्या आईला तोंड कसं दाखवू? ताई, तू त्याला अक्षरं शिकवलीस. नेलं त्यांनी. या दोन गोष्टींची तू गाठ मारू नकोस. ती मारायला बसलेले दुसरे आहेत.

मी रोज पहाटे भट्टी पेटवतो आणि जळणाचा प्रत्येक आवाज मला दारावरच्या थापेसारखा वाटतो. इथे मला कोणी विचारलेलंसुद्धा नाही. तिथे तुझं काय होत असेल?

निघून ये. इतका जीव लावलास, आता एकदा माझं ऐक.

एवारिस्तो

•

चिकूल,
१७ सप्टेंबर १९८१
(टपालाने)

चिरंजीव बंधू एवारिस्तो यांस,
अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

आपले पत्र पावले. येथे सर्व कुशल आहे. हवा चांगली आहे. गावात शांतता असून पलटणीमुळे रस्ते सुरक्षित झाले आहेत. शब्दकोड्यांचे काम पुन्हा उत्साहाने सुरू केले आहे व येत्या रविवारचे कोडे विशेष वाचनीय होईल असे वाटते. कामामुळे तूर्त आपल्याकडे येणे जमणार नाही.

आपण पाठवलेला पाव फारच उत्तम होता. मीठ अगदी बेताचे.

सौ. लिदिया यांस आशीर्वाद. स्नेह असाच राहो.

आपली भगिनी
ओतिलिया

•

कोमितान, मेक्सिको,
४ ऑक्टोबर १९८१
(रीगोच्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती)

चि. एवारिस्तो यास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पावाच्या गाडीत आपण शेजारी बसून इतका रस्ता तोडला आणि एकमेकांशी बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. लिदियानं गालाला बांधलेलं ते दाढदुखीचं फडकं मी सीमा ओलांडल्यावरही सोडलं नव्हतं. चौकीवरच्या शिपायानं टोपल्यांत हात घातला, तोंड भरून पाव खाल्ला आणि तुला म्हणाला, म्हातारीची दाढ उपटून टाका एकदाची. तेव्हा तू हसलास. तुझं ते हसू मला झोपेत ऐकू येतं. आता सगळं सांगते. तुझा हक्क आहे.

तुला मी ते टपालाचं पत्र लिहिलं, तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलापलीकडे कॅप्टन बसला होता. पलटणीचा मुख्य. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला, तरुण, बोलायला अगदी मऊ. त्यानं मला मॅडम म्हटलं. बेर्नाबेच्या खिशातली कात्रणं टेबलावर मांडली आणि म्हणाला, की मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाही, तुम्हीच तो दूर करा. येत्या रविवारच्या कोड्यात त्यानं सांगितलेले शब्द घालायचे: सेइबा, शुक्रवार, पहाट, भेट. डोंगरातले लोक माझी कोडी वाचत असतील तर येतील. वाचत नसतील तर कोणी येणार नाही, आणि मी सुटले.

मी म्हटलं, साहेब, शुक्रवारी तिथे लोक येतातच. मेणबत्त्या लावायला, राळ जाळायला, बाजाराआधी. तो म्हणाला, देवाचं करायला आलेला माणूस आम्ही विचारल्यावर तसं सांगेलच की. आणि हसला. बेर्नाबेलाही असंच विचारलं असेल हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं. मग तो म्हणाला, भावाला दोन ओळी लिहून टाका, काळजी करत असेल. म्हणजे आपली पत्रं तो वाचत होता. माझी मिठाची तक्रारही त्यानं वाचली असेल, तू ती ऐकलीस असं त्याला वाटावं म्हणून मी तुझ्या पावाची स्तुती केली. तुला कळेल याची खात्री होती. मरताना शुद्धीत नसले तरी मी तुझा पाव चांगला म्हणणार नाही!

तो गेल्यावर मी चौकटी आखायला बसले. दारापुढे दोघे पहारेकरी. शेजारीण कोंबड्यांना दाणे मागायला आली तर तिला परत पाठवलं. रीगो यायला आठवडा होता. गावाला सांगायचं कसं, की या शुक्रवारी झाडाखाली येऊ नका? माझ्या हातात फक्त त्या चौकटी होत्या, आणि त्या तर त्यालाच दाखवायच्या होत्या.

मग मी त्याचे शब्द घातले, सगळे, मधोमध, त्याला हवे तसे. आणि त्यांच्याभोवती दाईचं सगळं वाईट तेवढं भरलं. आडवा: हे गातं तेव्हा माणूस जातं. उभा: हा काळा सामोरा आला तर बाजाराला न जाता मागे फिरावं. आडवा: ती पाठमोरी बसली असेल त्या झाडाकडे पाहू नये, लेकरांना घरात घ्यावं. उभा: डोंगरदेव रागावला की त्या दिवशी मेणबत्ती कुठे लावावी? उत्तर, उंबऱ्यात. घुबड, काळा कुत्रा, सिग्वानाबा, उंबरा. मधे सेइबा, शुक्रवार. एवारिस्तो, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाटीवर लिहिल्यासारखं होतं.

कॅप्टननं कागद घेतला, प्रत्येक सूत्र वाचलं, एक-दोनदा थांबला. मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला. तो म्हणाला, भुताटकी भरपूर घातलीत, छान, म्हणजे नेहमीसारखं दिसेल.

रविवारी चूसनं ते दुकानात वाचलं. नंतर ऐकलं ते असं, की नेहमीसारखी ओरडाओरड झाली नाही. उत्तरं कोणी दिलीच नाहीत. चूसनं दुसऱ्यांदा वाचलं आणि एका म्हाताऱ्यानं अर्धी दाढी झालेली असतानाच उठून टोपी घातली.

शुक्रवारी मी देवळात पहाटेच्या मिसेच्या प्रार्थनेला गेले. सोबत माझा पहारेकरी. देवळाच्या दारातून चौक दिसतो. धुकं होतं, बारीक पाऊस होता, आणि चौकात चिटपाखरू नव्हतं. बाजाराच्या दिवशी! बायकांनी पाट्या नदीकडच्या बोळात मांडल्या होत्या. सेइबाच्या मुळांत जुन्या मेणाचे डाग तेवढे. कचेरीच्या कमानींमागे शिपाई बसलेले मला दिसत होते. ओठांत जपमाळ होती, पण मन नाचत होतं. इतका आनंद मला देवळात कधीच झाला नव्हता, देवा क्षमा कर.

आणि तेवढ्यात डोंगराच्या वाटेनं दाई उतरली.

तिला कोण सांगणार? कानानं बहिरी, वाडीत एकटी, कोड्याशी तिचा काय संबंध? भिजून चिंब झाली होती. झाडाशी गेली, मेणबत्ती लावली, आणि आमच्याकडे पाठ करून, झाडाच्या मुळावर बसून, तिनं अंबाडा सोडला आणि केस पिळून विंचरायला लागली. तिचे केस अजून कमरेखाली आहेत, तुला ठाऊक आहे.

कमानीमागून हुकूम ऐकू आला. शिपाई धावत निघाले आणि मधेच थांबले. एवारिस्तो, ती पोरंही आपल्याच डोंगरांतली, कुठल्या कुठल्या वाडीतून जबरदस्तीनं भरती केलेली. त्यांनाही कोणी चुलीशी बसवून वाढवलं होतं. आणि रविवारचं साप्ताहिक शाळेच्या इमारतीतही जात होतं. त्यांनी पाहिलं ते काय? धुकं, सेइबा, आणि खाली पाठमोरी बसून केस विंचरणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई. एकानं क्रूसाची खूण केली. दुसऱ्याच्या हातातली बंदूक फरशीवर पडली, तिचा आवाज अख्ख्या चौकात घुमला. दाईनं तोही ऐकला नाही. कॅप्टन ओरडत होता की पुढे व्हा, पण एकाचाही पाय उचलेना.

मी धावले. या वयात, फरशीवरून घसरत. पहारेकऱ्यानं मला धरलं नाही. तोही त्या झाडाकडेच पाहत होता. मी दाईच्या डोक्यावर माझी शाल टाकली, मेणबत्ती विझवली, आणि तिला देवळात ओढून नेलं. ती मला वाटभर शिव्या देत होती, की पोरी, अर्धी मेणबत्ती विझवतात का, देवाचं उष्टं राहिलं. मी तिला कोपऱ्यात बसवून पाद्रीबाबांच्या स्वाधीन केलं आणि घरी येऊन अंगावरचे ओले कपडेही न बदलता खुर्चीत बसून राहिले. येतील म्हणून. दुपार झाली. कोणी आलं नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. येणाऱ्यांपेक्षा हे न येणं मला जास्त जड गेलं. केव्हातरी मी स्वतःच दार उघडं टाकलं.

शनिवारी दुपारी कॅप्टन आला. एकटा, गणवेशाशिवाय. मला ओळखूच आला नाही. कॉफी मिळेल का म्हणाला. मी ठेवली.

म्हणाला, की त्यालाही आजी होती. कोड्यातली सगळी उत्तरं त्याला पहिल्याच वाचनात आली होती. मग छापू का दिलंत, हे मी विचारलं नाही, पण तो स्वतःच म्हणाला, की वाटलं लोक आता असलं मानत नाहीत. मानणारे मूर्ख असतील तर मूर्खांना वाचवायला त्यांचा मूर्खपणा पुरणार नाही. पण त्याचे दोन शिपाई बंदुकांसकट पळून गेले होते. आणि शाळेच्या छपरावर घुबड येऊन बसतं, त्याला गोळी घालायला सांगितलं तर कोणी घालत नाही, आणि त्यानं स्वतः घालायची म्हटलं तर बोट वळत नाही. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, की मॅडम, यावर उतारा असतो का?

हा सापळा आहे की माणूस, हे मला अजून उमगलेलं नाही. दाई सांगायची तेच मी सांगितलं. झाडाशी जायचं, मेणबत्ती लावायची, ज्यांना ज्यांना आपण दुखवलं त्यांची नावं मोठ्यानं घ्यायची आणि क्षमा मागायची. तो म्हणाला, की चौकात, सगळ्यांसमोर, ते त्याला शक्य नाही. आणि नावं पुष्कळ आहेत.

तेव्हा मी बेर्नाबेचं विचारलं. तोंडातून निघून गेलं. त्यानं कप खाली ठेवला, शर्टाची वरची गुंडी लावली, आणि पुन्हा पहिल्यासारखा मऊ आवाजात म्हणाला, की या नावाचं त्याच्याकडे कोणी नाही. उठला. दारात वळून म्हणाला, शुक्रवारचा अहवाल सोमवारी वर जाईल. त्यात कोणाचं तरी नाव द्यावं लागेल, आणि ते तुमचं असेल. सोमवारनंतर मी कॉफी प्यायला येणार नाही.

जाताना तो पहारेकऱ्यांनाही घेऊन गेला, आणि मी रात्रभर बसून होते. कुठे जायचं सुचत नव्हतं. रविवारी दुपारी दारापुढे गाडी थांबली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून डोळे मिटले. आणि पावाचा वास आला.

मी इथे एका विधवा बाईच्या घरी मागच्या खोलीत आहे. भली आहे. तिची सून जिना चढते तेव्हा मी श्वास धरते, मग मोकळा सोडते. दाईचं काय ते कळव. तुझी माया मला सीमेपलीकडे घेऊन आली. ती अशीच हात धरून राहू दे.

ओतिलियाताई

•

शेला,
२५ ऑक्टोबर १९८१
(त्याच ड्रायव्हरच्या हाती)

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लिदियानं वाचलं. मी ऐकलं. मग आम्ही दोघांनी ते भट्टीत घातलं, आणि त्या दिवशीचा पाव लिदियानं विकू दिला नाही, गरिबांना वाटला.

दाई मजेत आहे. रीगो भेटून आला. तिला तू बाहेरगावी गेलीस एवढंच सांगितलंय. म्हणाली, अर्धी मेणबत्ती विझवून गेली, परत आल्यावर पूर्ण लावायला सांग. तो कॅप्टन बदलून गेला. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणतं बढती, कोणी म्हणतं उलट. त्याच्या जागी दुसरा आलाय, त्याला कॉफी आवडत नाही म्हणे.

आता जे लिहितो ते बसून वाच.

पंधरा दिवसांपूर्वी दुकानात तीन माणसं आली. साध्या कपड्यांत, पण बूट पलटणीचे. गिऱ्हाइकं आपोआप बाहेर गेली. त्यांच्यापैकी एकानं तुझा शाळेतला फोटो पिठाच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, ही तुझी बहीण ना, कुठे आहे? ताई, तुला माहीत आहे मी कसा आहे. लहानपणी कवटीच्या गोष्टीला तुझ्या अंथरुणात घुसणारा. माझे गुडघे खरोखर वाजत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, की साहेब, ती वारली. दाढ पिकली, विष रक्तात गेलं, गाडीतच गेली. इथेच पुरली.

लिदिया आतून आली आणि तिनं टाहो फोडला. नाटक नव्हतं ते. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. तो माणूस चुळबुळला. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, की ठीक, पण आम्ही पुन्हा येऊ.

पुन्हा येतील म्हणून आम्ही ते खरं करायला बसलो. लिदियानं शेजारपाजारी सांगितलं. नऊ दिवसांच्या प्रार्थना ठेवल्या. तुझ्या फोटोपुढे फुलं, मेणबत्त्या. रोज संध्याकाळी माणसं आली, गुडघे टेकले, कॉफी प्यायली, माझा पाव खाल्ला. इथे तुला कोण ओळखतं? तरी बायका रडल्या. कबरस्तानात आईच्या शेजारी एक मातीचा उंचवटा आहे, त्यावर लाकडी क्रूस आणि तुझं नाव. खणणाऱ्यानं आत काय आहे ते विचारलं नाही. इथल्या पाद्रीबाबांनीही शवपेटीचं झाकण उघडायला सांगितलं नाही. आत गव्हाचं पोतं होतं.

शेवटच्या दिवशी ते तिघं खरंच आले. मागे उभे राहिले. प्रार्थना संपेपर्यंत थांबले, आणि लिदियानं त्यांनाही कॉफी दिली.

मी तुला मारून टाकलं, ताई. आता तू कधी परत येऊ शकत नाहीस, निदान हे दिवस सरेपर्यंत, आणि ते कधी सरतील कोणास ठाऊक. चिकूलमध्ये बातमी पोचली आहे. चूसनं दुकान एक दिवस बंद ठेवलं. बेर्नाबेची आई पायी डोंगर उतरून, बस बदलत, इथवर आली. तिनं तुझ्या क्रूसापाशी बसून विचारलं, निदान हिला पुरायला तरी मिळालं ना? मी हो म्हटलं. तिला खरं सांगावंसं फार वाटलं. सांगितलं नाही. तिच्यासमोर खोटं बोलताना जे वाटलं ते त्या तिघांसमोर वाटलं नव्हतं.

मला क्षमा कर, आणि राग आला तरी प्रेम काढून घेऊ नकोस.

एवारिस्तो

•

कोमितान,
८ नोव्हेंबर १९८१

चि. एवारिस्तो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी खोलीत बसून वाचलं आणि पहिल्यांदा मला हसू आलं. गव्हाचं पोतं! जन्मभर तू मला पिठाच्या पोत्यासारखी म्हणत आलास, शेवटी पुरलंस तेही पोतंच. मग हसू थांबेना तशी घरमालकीण वर आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला वाटलं मी रडते आहे. थोड्या वेळानं तिचं खरं ठरलं.

तू योग्य केलंस. क्षमा कसली मागतोस? इतकी वर्षं मी तुला भित्रा म्हणत आले. त्या तिघांपुढे गुडघे वाजत असताना जो बोलतो त्याला काय म्हणतात, तो शब्द शोधते आहे, सापडत नाही.

बेर्नाबेच्या आईचं मात्र मला झेपत नाही. दिवसभर तीच डोळ्यांपुढे येते. लिदियाला सांग, महिन्यातून एकदा तिच्याकडे पाव पाठवत जा, रीगोच्या हाती, आणि माझं नाव कधी काढू नका. आणि एवारिस्तो, दाई विचारेल तेव्हा तिलाही मी वारले असंच सांगा. ती बहिरी आहे, पण चौकात मोठ्यानं बोलते.

मृतांच्या दिवशी इथे घराघरातून झेंडूची वाट घालतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. मी दारात उभी राहून पाहत होते. पलीकडे तुम्ही माझ्यासाठी मांडलं असेल. काय मांडलंत? पाव असेलच. मीठ जास्त असेल.

यापुढे पाकिटावर घरमालकिणीचं नाव घाल. मी लिहीन तेव्हा खाली सही नसेल, तू समजून घे. इथे मला सगळे नुसतं बाई म्हणतात, आणि मी ओ देते. जिवंत माणसांवर करतोस तेवढंच प्रेम मेलेल्या बहिणीवर कर, फार नको, संशय येईल.